कमरजहाँ मॅडमची गाडी आणि विठ्ठलरावांची म्हैस

कमरजहाँ मॅडम आमच्या शाळेत भूगोल शिकवतात. शाळा आवळेवाडीत, म्हणजे धारूरचा घाट उतरायचा आणि सपाटीला लागल्यावर पुन्हा बरंच पुढं जायचं. त्या धारूरला राहतात, मीही धारूरलाच. मी वर्षाराणी, हिंदी शिकवते. आमच्यासोबत जाणारे तिसरे म्हणजे खेळाचे तानाजी सर. देहाने भरभक्कम, स्वभावाने हळवे.

मॅडम कितीतरी वर्षं स्कुटीवर जात होत्या. उन्हाळा-पावसाळा निभायचा, पण डिसेंबर लागला की घाटातला वारा हातमोज्यांतून आत शिरायचा. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एके सकाळी त्या शाळेत पोचल्या, फळ्यावर नकाशा काढायला घेतला, आणि बोटं खडू धरेनात. तरी त्यांनी नद्या काढल्या. गोदावरीला नसलेली वळणं पडली आणि कृष्णा भीमेला भेटायच्या आधीच दोनदा माघारी फिरली. मुलांनी ती वळणं इमानदारीने वहीत उतरवून घेतली. चाचणीत सगळ्या वर्गाची गोदावरी सारखीच चुकली. मॅडमनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले आणि त्याच संध्याकाळी मला म्हणाल्या, "वर्षा, आता चारचाकी घ्यायची. चारी बाजूंनी बंद."

त्यांचा धाकटा भाऊ मुबीन पुण्यात असतो. तिथे एक टॅक्सीवाला आपल्या जुन्या विजेच्या गाड्या काढून टाकत होता. त्यातली एक मुबीनने स्वस्तात मिळवली आणि ट्रकवर चढवून धारूरला पाठवली. गाडी पांढरी, छोटी, मागच्या सीटला कुणीतरी च्युइंगम चिकटवलेलं. बाकी देखणी.

अडचण एकच होती. मॅडमचे मिस्टर मतीनभाई हे इंजिन मिस्त्री. बसस्टँडमागे त्यांचं गॅरेज आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या जिपा, टेम्पो, ट्रॅक्टर सगळे त्यांच्याकडेच येतात. घरात ते दखनी बोलतात, पण मी समोर असले की मराठी. गाडी उतरवली तेव्हा मी तिथंच होते. मतीनभाईंनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं.

"इंजिन कुठं हाय?"

"इंजिन नसतं यात," मॅडम म्हणाल्या.

"मग हे बॉनेट कावून ठेवलं?"

मतीनभाईंनी बॉनेट हळूच लावलं. एखाद्या घरी दुःखाच्या वेळी जाऊन आल्यावर माणूस बसतो तसे ते स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्याकडं आजवर आलेली प्रत्येक गाडी तापली म्हणून आली. ही तापणार न्हाई. हिला मी काय करू?"

त्यांना लवकरच कळलं की गाडीचा आजार उलटा आहे. तिला थंडी बाधते.

ऑक्टोबरपर्यंत सगळं छान चाललं. स्टिअरिंगसमोर एक आकडा दिसायचा, अजून किती किलोमीटर जाता येईल तो. रात्रभर गॅरेजमध्ये वीज पाजली की सकाळी आकडा भरघोस दिसे आणि आवळेवाडीला जाऊन परत येईपर्यंत पुरून उरे. पण दिवाळी झाली, हवा गार पडली, तसा आकडा रोडावायला लागला. बॅटरी मुळातच टॅक्सीत झिजलेली. त्यात घाट चढताना ती आकडा असा खाई की बघवत नसे. आणि मॅडमनी पहिल्यांदा हीटरचं बटण दाबलं, तर आकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरला.

मॅडमनी बटण बंद केलं. "ऊब किंवा घर," त्या म्हणाल्या. "दोन्ही मिळायचं न्हाई."

आम्ही घर निवडलं. एवढ्यावर भागलं असतं, पण काचा बंद ठेवल्या की आमच्या तिघांच्या श्वासाने समोरच्या काचेवर वाफ धरायची आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. वाफ घालवायचा पंखा लावला की पुन्हा आकडा उतरायचा. म्हणून मॅडमनी चारही काचा खाली घेतल्या. झालं. थंडी लागू नये म्हणून घेतलेल्या गाडीत आम्ही सगळ्या काचा उघड्या टाकून, गोधड्या पांघरून घाट उतरू लागलो. मॅडमच्या डोक्यावर मतीनभाईंची माकडटोपी, अंगावर दोन शाली. तानाजी सर म्हणायचे, स्कुटीवर निदान ऊन तरी लागत होतं. रस्त्यात भेटणारे लोक हात करून सांगायचे, "मॅडम, काचा वर घ्या की." मॅडम मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. किती जणांना समजावणार?

त्या हट्टी आहेत असं नाही. घाईने हार मानत नाहीत, एवढंच. त्यांच्या लक्षात आलं होतं की उतारावर ही गाडी स्वतःच थोडी वीज तयार करते आणि आकडा वाढतो. मग त्यांनी भूगोलाच्या माणसाला शोभेल असा विचार केला. उतारावर वजन जितकं जास्त, तितकी वीज जास्त. चढावर वजन जितकं कमी, तितका खर्च कमी. त्याप्रमाणे सकाळी त्या तानाजी सरांना आग्रहाने पुढच्या सीटवर बसवू लागल्या, वर शेजारच्या दुकानदाराची खाली पाठवायची ज्वारीची पोती डिकीत घेऊ लागल्या. संध्याकाळी मात्र त्या सरांना अतिशय अदबीने म्हणाल्या, "सर, परतीला तुमी जीपने या."

सरांना ते फार लागलं. "सकाळी मी लागतो, संध्याकाळी न्हाई?" ते मला विचारायचे. "मी काय पोतं हाय?" मी म्हटलं, पोतं तरी खालीच उतरवून देतात. ते ऐकून त्यांना आणखी वाईट वाटलं. पण सकाळी पुन्हा वेळेवर हजर. फुकट कोण नेणार?

सर जीपने येऊ लागले तरी गाडीला परतीचं अंतर झेपेना. आवळेवाडीतच दिवसभरात कुठेतरी चार्जिंग हवं होतं. शाळेचं वायरिंग असं की पंखा लावला की घंटा वाजते. तिथं विचारण्यात अर्थ नव्हता. तेव्हा विठ्ठलराव पुढे आले.

विठ्ठलराव गावच्या सोसायटीचे चेअरमन. जमीन बक्कळ, मिशी जाड, बोलणं कमी. शाळेच्या मागच्या बाजूलाच त्यांचा गोठा. तिथं कडबा कुट्टीच्या यंत्रासाठी जाड पिनेचा प्लग बसवलेला होता. "म्याडम, कुट्टी काय घटकाभर चालती. बाकी वेळ प्लग मोकळाच हाय. लावा तुमची गाडी." दुसऱ्या दिवसापासून गाडी गोठ्यात, चंद्रीच्या शेजारी उभी राहू लागली.

चंद्री म्हणजे विठ्ठलरावांची म्हैस. तिचं पारडू दिवाळीआधी मेलं होतं आणि तेव्हापासून ती पान्हा सोडत नव्हती. विठ्ठलरावांच्या बायको छबुबाई रोज चरवी घेऊन बसायच्या, कास चोळायच्या, आंबोण पुढे ठेवायच्या. चंद्री आंबोण खायची आणि भिंतीकडे बघत राहायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून ठेवून झाला. चंद्रीने तो पेंढा खाल्ला.

आमची गाडी तिथे लावल्याच्या पहिल्याच संध्याकाळी मॅडम आणि मी शाळा सुटल्यावर गोठ्यात गेलो. गाडी चार्ज होत होती आणि पुढच्या बाजूने तिचा पंखा घुं घुं करत ऊन हवा फेकत होता. छबुबाई चंद्रीखाली बसल्या होत्या. चरवीत धार पडत होती. छबुबाईंनी आमच्याकडे वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तशाच उभ्या राहिलो. चरवी अर्धी झाली, पाऊण झाली. मग मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, पुढे जाऊन पिन काढली. पंखा थांबला. चंद्रीने दूध थांबवलं आणि मान वळवून मॅडमकडे पाहिलं.

"बाई," छबुबाई म्हणाल्या, "ती पिन परत लावा."

मॅडमनी लावली. पंखा सुरू झाला. चंद्रीने थोडा विचार केला आणि दूध सोडलं.

त्या दिवसापासून आमची घरी जायची वेळ चंद्री ठरवू लागली. तिची धार संपेपर्यंत पिन काढायची नाही. चंद्री निवांत जनावर, तिला कसली घाई? आम्ही बाजेवर बसून वाट पाहायचो. सूर्य उतरला की गारठा वाढायचा, गारठा वाढला की गाडीचा आकडा उतरायचा. म्हणजे जो आकडा वाढवायला गाडी गोठ्यात लावली, तो तिथं थांबल्यामुळेच कमी व्हायचा. मी हे मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. पण तिचं पारडू गेलंय ना."

मग सकाळच्या धारेचा प्रश्न निघाला. सकाळी गाडी धारूरला असायची आणि चंद्री भिंतीकडे बघत राहायची. छबुबाईंनी दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बाजरीची भाकरी आणि लोणी वाढलं. भाकरी निम्मी झाल्यावर म्हणाल्या, "बाई, सकाळी जरा लवकर येता आलं तर बघा. धारंच्या वक्ताला."

धारेची वेळ म्हणजे उजाडायच्या आधीची. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी लोण्याकडे पाहिलं. नाही कसं म्हणणार?

नंतरचे कितीतरी दिवस आम्ही अंधारात, काचा उघड्या टाकून, माकडटोप्या घालून घाट उतरत होतो. मतीनभाई आम्हाला सोडायला गॅरेजच्या दारात उभे असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "शाळा तर दहाला भरते. एवढ्या लवकर कुठं?"

"म्हशीचं दूध काढायला," मॅडम म्हणाल्या.

"आपली म्हैस हाय?"

"न्हाई. विठ्ठलरावांची."

दुसऱ्या दिवशी मतीनभाईंनी मॅडमच्या मोबाईलमध्ये चार्जिंगच्या पंख्याचा आवाज भरून दिला, म्हणाले, हा गोठ्यात देऊन ठेव, गाडी नेऊच नको. छबुबाईंनी तो मोबाईल चंद्रीच्या कानाशी धरला. चंद्रीने शेपटीच्या एका फटक्यात तो शेणात पाडला. मॅडमनी तो धुतला, पण त्यानंतर त्यावर आलेला प्रत्येक फोन लांबून आल्यासारखा वाटायचा.

तानाजी सर पहाटे यायला तयार नव्हते. सर नाहीत म्हणून उतारावरची वीज कमी झाली. आता संध्याकाळी घाटाच्या शेवटच्या वळणावर आकडा शून्याच्या इतका जवळ यायचा की मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचे आणि मॅडमचेही ओठ हलत असायचे. एकदा तर गाडी धारूरच्या वेशीपाशी थांबलीच. आम्ही दोघी उतरलो आणि ढकलू लागलो. शेजारून सर बसलेली जीप गेली. सरांनी आमच्याकडे पाहिलं. थांबले नाहीत म्हणता येणार नाही, कारण जीपवाला थांबत नव्हता. पण तोंड मात्र त्यांनी दुसरीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम विठ्ठलरावांना सरळ म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, ही गाडी आता माझी राहिली न्हाई. म्हशीची झाली. मला स्कुटी बरी."

विठ्ठलराव मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांना दूध सोडवत नव्हतं आणि बाईमाणसाला रोज गाडी ढकलायला लावणंही बरं दिसत नव्हतं. "तुमच्या भावाचा नंबर द्या," ते म्हणाले.

आठवड्याभरात पुण्याहून दुसरी गाडी आली. तीच कंपनी, तोच टॅक्सीवाला, तोच पांढरा रंग. गावात लोकांनी विचारलं तर विठ्ठलराव सांगत, "पेट्रोल लई महाग झालं." पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. तालुक्याच्या मीटिंगला ते आपल्या बुलेटवरच जात. गाडी ट्रकवरून उतरली ती थेट गोठ्यात शिरली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पिन लावली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. चंद्रीने गाडी हुंगली. बराच वेळ हुंगली. मग दूध सोडलं.

छबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विठ्ठलराव म्हणाले, "पाच म्हशी आल्या असत्या एवढ्यात." पण चेहऱ्यावर समाधान होतं.

आता मॅडम मोकळ्या झाल्या असं आम्हाला वाटलं. संध्याकाळी निघायला गेलो तर आकडा सकाळी पोचलो तेव्हाचाच. साहजिक होतं. गोठ्यातल्या एकुलत्या एका प्लगवर दिवसभर विठ्ठलरावांची गाडी होती. ज्या चार्जिंगसाठी हे सगळं सुरू झालं, तेच मॅडमच्या वाट्याला उरलं नव्हतं.

आम्ही सगळे त्या दोन गाड्यांकडे बघत उभे राहिलो. एक भरलेली, तिला कुठे जायचं नाही. दुसरी रिकामी, तिला घाट चढायचा आहे. चंद्री रवंथ करत होती. छबुबाई शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग बाई, तुमी आमची घिऊन जा की. तुमची राहू द्या हितं. म्हशीला काय, कुठली बी चालती."

विठ्ठलरावांनी एकदम वर पाहिलं. पण बायकोने चारचौघांत म्हटलेलं आता मागे घेणं शक्य नव्हतं.

असं ते सुरू झालं आणि तसंच चाललं. संध्याकाळी गोठ्यातली भरलेली गाडी घेऊन आम्ही धारूरला यायचो. आमची रिकामी गाडी चंद्रीपाशी राहायची. पिन छबुबाईंच्या ताब्यात. संध्याकाळच्या धारेला लावायची, काढायची, पहाटेच्या धारेला पुन्हा लावायची, आणि मग दिवसभर राहू द्यायची. दुसऱ्या संध्याकाळी अदलाबदल. थोड्या दिवसांनी कुठली गाडी कुणाची हे फक्त च्युइंगमवरून कळायचं.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भरलेल्या गाडीचा आकडा बघून मॅडमनी तानाजी सरांना जीपच्या थांब्यावर गाठलं आणि दार उघडून दिलं. सर आढेवेढे घेत बसले. घाट लागला. अंधारून येत होतं, वारा सुटला होता. मॅडमनी एक एक करत चारही काचा वर घेतल्या. मग हीटरचं बटण दाबलं.

आकडा उतरला. उतरू दिला.

ऊब पायांकडून वर आली. मी गोधडी काढून मांडीवर घेतली. सरांनी माकडटोपी काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सबंध हिवाळ्यात मी त्यांचे कान पाहिले नव्हते. पुढच्या वळणावर ते घोरू लागले. मॅडमनी एका हाताने हातमोजा दातात धरून काढला, मग दुसरा, आणि उघड्या बोटांनी स्टिअरिंग धरलं. धारूर आलं तरी त्या लगेच थांबल्या नाहीत. गॅरेजवरून पुढे गेल्या, बाजारातून एक फेरी मारली, किल्ल्याच्या रस्त्याला लागल्या आणि मग परत फिरल्या. मतीनभाई दारात उभे होते. मॅडमनी काच खाली घेतल्यावर त्यांनी आत हात घातला आणि लगेच मागे घेतला.

"तापली की," ते म्हणाले. हिवाळाभरात त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं.

पुढे उन्हाळ्यात चंद्री आटली. विठ्ठलरावांनी तिला दुसऱ्या गोठ्यात, गाभण म्हशींकडे नेलं. आता विठ्ठलरावांच्या गाडीला काम उरलं नाही. कोंबड्या तिच्या टपावर बसू लागल्या. विठ्ठलरावांनी ती विकायला काढली, तेव्हा छबुबाई मॅडमना म्हणाल्या, "बाई, मला शिकवा." मॅडमनी शाळा सुटल्यावर गावकुसाबाहेरच्या गाडीवाटेवर त्यांना शिकवलं. पहिल्या आठवड्यात छबुबाई बैलांना बोलतात तसं गाडीशी बोलत, थांबवायला 'होऽ' म्हणायच्या आणि ब्रेक विसरायच्या. श्रावणापर्यंत त्या दूध संकलन केंद्रावर स्वतः किटल्या घेऊन जाऊ लागल्या.

परवा विठ्ठलरावांचा मला फोन आला. छबुबाई सकाळी नांदूरघाटला गेल्या होत्या, त्यांच्या माहेरी. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. रात्री गाडी चार्जिंगला लावून ठेवली होती म्हणे, वाटेत मतीनभाईंच्या गॅरेजवर चहा घेतला, पुन्हा थोडी वीज भरली आणि पुढे गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात माहेरी एकट्या गेल्याची ही पहिलीच वेळ.

"तुमाला सांगून गेली का?" त्यांनी विचारलं.

"मॅडमना सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुमाला न्हाई सांगितलं?"

"मी दारातच बसलो होतो की. चहा पीत," विठ्ठलराव म्हणाले. "पण आवाजच न्हाई ना त्या गाडीला. गेलेलं कळलंच न्हाई." मग त्यांनी विचारलं, म्हशींच्या आंबोणात सरकी किती घालतात ते मला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाच फोन लावा. ते म्हणाले, लावला होता, पण ती म्हणती, गाडी चालवताना मी फोन घेत न्हाई.